मुरूम आणि इसब एकाच चेहऱ्यावर असताना नवा उपचार कसा सुरू करावा

वयाची पंचविशी-तिशी उलटल्यावरही मुरूम येत राहणे आणि त्याच चेहऱ्यावर इसबाचे कोरडे, खाजरे चट्टेही असणे, हा योग वाटतो तितका विरळ नाही. खरी अडचण उपचारांची आहे. मुरमांवरची बहुतेक औषधे त्वचा कोरडी करतात आणि कोरडेपणाने इसब चिघळते. इसबावरची जाड, तेलकट मलमे काहींच्या हनुवटीवर आणि कपाळावर रोमछिद्रे बुजवतात. इसबासाठी आलेल्या काही नव्या गोळ्यांच्या दुष्परिणामांच्या यादीत तर मुरूम हाच ठळकपणे नोंदलेला आहे. मी या दोन्ही विकारांसह अनेक वर्षे काढली आहेत आणि जुन्या-नव्या बऱ्याच उपचारांतून गेले आहे. कोणते औषध घ्यायचे हे त्वचारोगतज्ज्ञच ठरवतील. त्यांच्यासमोर बसण्याआधी आणि त्यांच्याकडून निघाल्यानंतर तुमच्याकडून काय व्हायला हवे, ते येथे क्रमाने मांडते.

१. आधी निदान पक्के करून घ्या

चेहऱ्यावर उठलेली प्रत्येक पुटकुळी मुरूम नसते आणि प्रत्येक लाल चट्टा इसब नसतो. खऱ्या मुरमांमध्ये बहुधा कुठे ना कुठे ब्लॅकहेड किंवा व्हाइटहेड सापडतातच. ते अजिबात नसतील, तर पुढील शक्यतांविषयी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

कपाळावर, छातीवर किंवा पाठीवर एकसारख्या आकाराच्या, बारीक आणि मुख्य म्हणजे खाजणाऱ्या पुटकुळ्या असतील, तर तो मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टमुळे होणारा केसांच्या मुळांचा दाह असू शकतो. त्यावर मुरमांची अँटिबायोटिक दिली, तर तो कमी होण्याऐवजी वाढतो. गालांवर आणि नाकावर टिकून राहणारी लाली व पुटकुळ्या असतील, तर रोझेशिया हा चेहऱ्याच्या त्वचेचा वेगळा दाहविकार असू शकतो. तोंडाभोवती बारीक पुरळ असून ओठांलगतची एक अरुंद पट्टी मात्र स्वच्छ दिसत असेल, तर तो चेहऱ्यावर स्टेरॉइड मलम लावल्याने उद्भवणारा दाह असण्याचा संभव मोठा असतो. सावळ्या त्वचेवर दाहाची लाली सहसा लाल दिसत नाही. ती जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसते आणि त्यामुळे तिची तीव्रता कमी लेखली जाते. हे डॉक्टरांच्या लक्षात आणून देण्यास संकोचू नका.

स्त्रियांमध्ये मुरूम जबड्याच्या कडेला व हनुवटीवर येत असतील, पाळीपूर्वी वाढत असतील आणि पाळीही अनियमित असेल, तर पीसीओएसची (संप्रेरकांचे संतुलन बिघडवणाऱ्या बीजकोशांच्या विकाराची) तपासणी करून घ्यावी. लिथियम, स्टेरॉइड, टेस्टोस्टेरॉन आणि अपस्माराची काही औषधे यांनीही मुरमांसारखे पुरळ उठते.

इसबाच्या बाबतीत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते स्पर्शजन्य ॲलर्जीकडे. वर्षानुवर्षे जे इसब औषधांना दाद देत नाही, त्यामागे शाम्पूतील सुगंध, केसांच्या रंगातील पीपीडी हे रसायन किंवा मिथाइलआयसोथायाझोलिनोनसारखे परिरक्षक (उत्पादन खराब होऊ नये म्हणून घातलेले द्रव्य) असू शकते. पापण्यांवरचे इसब तर पुष्कळदा नखांना लावलेल्या रंगामुळे होते, कारण दिवसभरात आपण डोळ्यांना किती वेळा हात लावतो हे आपल्या ध्यानातही नसते. यासाठीची पॅच टेस्ट पाठीवर केली जाते. चिकटवलेल्या पट्ट्या साधारण ४८ तासांनी काढतात आणि त्यानंतर दोनेक दिवसांनी पुन्हा एकदा पाठ पाहतात. ही दुसरी भेट चुकवू नये, कारण काही ॲलर्जी उशिराच उमटतात. पट्ट्या असेपर्यंत पाठ भिजवता येत नाही, आणि चाचणीआधी पाठीवर स्टेरॉइड मलम लावलेले असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर निष्कर्ष फसवा येऊ शकतो.

२. भेटीला जाताना काय सोबत न्यावे

डॉक्टरांकडचा वेळ थोडा असतो आणि निम्मा वेळ 'आधी काय लावले होते?' या प्रश्नातच जातो. म्हणून पुढील गोष्टी एका फाइलमध्ये तयार ठेवाव्यात:

– त्वचेला आणि केसांना लागणाऱ्या प्रत्येक वस्तूची यादी आणि तिच्या घटकद्रव्यांच्या मजकुराचे छायाचित्र. लिप बाम, दाढीचा फेस, नेलपॉलिश आणि कपडे धुण्याची पावडरही यात धरावी.
– आजवरच्या औषधांची चिठ्ठी: नाव, टक्केवारी, किती आठवडे वापरले आणि का थांबवले.
– रक्ततपासणीचे जुने अहवाल, विशेषतः हिमोग्राम, यकृत, मूत्रपिंड आणि चरबीचे प्रमाण.
– लसीकरणाची नोंद. क्षयरोग, कावीळ, नागीण किंवा ओठांवर वारंवार येणारे फोड (जर) यांचा इतिहास.
– रक्ताची गुठळी, हृदयविकार, दमा, डोळ्यांची ॲलर्जी आणि धूम्रपान यांविषयीची खरी माहिती.
– गर्भधारणेचा विचार असेल तर तो, आणि सध्या वापरात असलेले गर्भनिरोधक.
– तारीख घातलेली छायाचित्रे, विशेषतः त्रास ऐन भरात असतानाची.

शेवटची बाब फार महत्त्वाची आहे. इसबाचा स्वभाव असा की भेटीच्या दिवशी ते हमखास शांत असते.

घरी लागणारी साधने मोजकीच आहेत: सुगंधरहित सौम्य क्लीन्झर, चेहऱ्यासाठी हलके मॉइश्चरायझर, चट्ट्यांसाठी पेट्रोलियम जेलीसारखे घट्ट मलम, सनस्क्रीन, नखे कापण्याचे यंत्र आणि एक वही.

३. नव्या औषधाआधी त्वचेला विसावा द्या

डॉक्टरांनी दिलेली औषधे परस्पर बंद करू नका, पण स्वतःहून जमवलेले सारे काही दोन ते चार आठवडे बाजूला ठेवा. स्क्रब, अल्कोहोलचे टोनर, व्हिटॅमिन सी सीरम, फळांच्या आम्लाचे लेप, मुरमावर लावलेली टूथपेस्ट, सगळेच. या काळात कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत आंघोळ आटोपावी, अंग टॉवेलने टिपून घ्यावे आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे.

यामागचे कारण जाणून घेण्यासारखे आहे. अनेक इसबग्रस्तांच्या त्वचेत फिलॅग्रिन नावाचे प्रथिन कमी पडते. हे प्रथिन त्वचेच्या वरच्या थराची वीण घट्ट ठेवते आणि त्यात ओलावा धरून ठेवण्यास मदत करते. त्याच्या जनुकातील दोषाचा इसबाशी असलेला संबंध २००६ मध्ये स्पष्ट झाला. वीण उसवलेली असली की आतले पाणी उडून जाते आणि बाहेरची उत्तेजक द्रव्ये आत शिरतात. अशा त्वचेवर मुरमाचे औषध लावले, तर ते गरजेपेक्षा खोल जाते आणि आग होते. मग औषध 'सोसत नाही' असा शिक्का बसतो. प्रत्यक्षात त्वचा तयार नसते.

अंगभर इसब असलेल्या प्रौढाला आठवड्याला ५०० ग्रॅमच्या आसपास मॉइश्चरायझर लागू शकते. बरेच जण याहून खूपच कमी वापरतात. मात्र मुरूम येणाऱ्या भागावर घट्ट मलम थापू नये. तेथे ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेले हलके क्रीम पुरते आणि जेली फक्त चट्ट्यांपुरती राखावी. वेष्टनावरील 'नॉन-कॉमेडोजेनिक' (रोमछिद्रे न बुजवणारे) या शब्दाला कुठल्याही एकसारख्या सक्तीच्या कसोटीचा आधार नाही, त्यामुळे शेवटचा निवाडा तुमच्या हनुवटीचाच.

४. इसब आधी, मुरूम नंतर

दोन्ही एकदम भडकलेले असतील, तर आधी इसब आटोक्यात आणावे, असे माझे ठाम मत आहे. मुरमांना काही आठवडे थांबता येते. लस वाहणारी, रात्री झोपू न देणारी त्वचा थांबत नाही.

येथे दोन विरुद्ध सापळे आहेत. पहिला सापळा म्हणजे स्टेरॉइड मलमाची अवास्तव भीती. सांगितलेल्या मात्रेच्या निम्मेच मलम चोरटेपणाने लावले, की इसब कधीच पूर्ण शमत नाही आणि एकूण वापर उलट लांबतो. मात्रेसाठी बोटाच्या पेराचे माप सोपे आहे: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलेली पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढे मलम बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या भागाला पुरते. दुसरा सापळा म्हणजे कोपरासाठी दिलेले तीव्र स्टेरॉइड चेहऱ्यावर लावणे. चेहऱ्याची त्वचा पातळ असते. तेथे सौम्य स्टेरॉइड आणि तेही थोडे दिवसच द्यायचे असते. दीर्घ वापराने त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, आणि स्टेरॉइडमुळे येणारे मुरूम हा वेगळाच त्रास मागे लागतो. झटपट उजळपणाचे किंवा 'पूर्ण नैसर्गिक' असल्याचे सांगून विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये तीव्र स्टेरॉइड दडवलेले आढळले आहे. दोन-तीन दिवसांत चमत्कार करणाऱ्या आणि घटकांची यादी नसलेल्या डबीला हात लावू नका.

चेहरा, पापण्या आणि मान यांसाठी टॅक्रोलिमस किंवा पिमेक्रोलिमस ही स्टेरॉइडविरहित मलमे उपयोगी पडतात, आणि मुरमांचा धोका असलेल्यांना ती विशेष सोयीची असतात. टॅक्रोलिमसच्या पहिल्या काही रात्री सोप्या नसतात: लावल्यावर थोड्याच वेळात गालावर ऊन चढावे तशी भगभग सुरू होते, कानापर्यंत पसरते आणि मग हळूहळू ओसरते. आधी कल्पना नसेल, तर माणूस घाबरून चेहरा धुऊन टाकतो आणि औषध कायमचे सोडतो. त्वचा पूर्ण कोरडी झाल्यावर लावले, तर हा त्रास कमी होतो, आणि इसब शमत जाते तशी भगभगही बहुधा काही दिवसांत थांबते. मद्य घेतल्यावर चेहरा लाल होणे हाही या मलमाचा ज्ञात परिणाम आहे.

याखेरीज क्रिसाबोरोल, रक्सोलिटिनिब, रोफ्लुमिलास्ट आणि टॅपिनारोफ ही नवी स्टेरॉइडविरहित मलमे गेल्या दशकात आली आहेत. ती सर्व देशांत मिळत नाहीत. तुमच्याकडे यांपैकी काय उपलब्ध आहे आणि चेहऱ्यावर चालेल का, हे विचारून घ्यावे.

५. एका वेळी एकच बदल करा

या लेखातले एकच कलम पाळायचे ठरवले, तर हे पाळा. नवे क्लीन्झर, नवे मॉइश्चरायझर आणि नवे औषध एकाच आठवड्यात सुरू केले, की चेहरा सुधारला तरी कशाने आणि बिघडला तरी कशाने, हे कधीच कळत नाही. मग एक तर उपयोगी वस्तू टाकली जाते, नाहीतर अपायकारक वस्तू महिनोन्महिने चालू राहते.

कोणतीही नवी वस्तू चेहऱ्यावर नेण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेत, दिवसातून दोनदा असे किमान सात दिवस लावून पाहावी. मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीनसाठी ही पद्धत फार चांगली आहे. क्लीन्झर आणि मुरमांची औषधे अशी लावून ठेवल्यास कुणाचीही त्वचा थोडी चुरचुरेल, त्यामुळे त्यांना ही कसोटी लावू नये.

मुरमांसाठी बहुधा पहिले औषध रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए-शी नाते असलेल्या गटातले मलम) असते, आणि इसबग्रस्तांसाठी ॲडापॅलिन ०.१ टक्का हा तुलनेने सौम्य प्रकार मानला जातो. सुरुवात आठवड्यातून दोन रात्रींनी करावी. चेहरा धुतल्यावर तो पूर्ण कोरडा होऊ द्यावा, आधी मॉइश्चरायझरचा हलका थर द्यावा, मग वाटाण्याएवढे औषध कपाळ, दोन्ही गाल, नाक आणि हनुवटी असे पाच ठिकाणी टेकवून सर्वत्र पसरावे. नाकपुड्यांच्या खोबणी, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांभोवतालचा भाग यांना आधीच जेलीचे बोट फिरवून ठेवावे. सोलवटण्याची सुरुवात हमखास तेथूनच होते. दोनेक आठवडे निभावले तर एक दिवसाआड, आणि त्यानंतर जमल्यास रोज. इसबाच्या चालू चट्ट्यावर ते लावायचे नाही. केवळ दिसणाऱ्या मुरमावर ठिपका देऊन उपयोग नाही, कारण हे औषध पुढचे मुरूम रोखण्यासाठी असते. पहिल्या काही आठवड्यांत मुरूम वाढल्यासारखे वाटू शकतात; परिणामाचा हिशेब १२ आठवड्यांनी करावा. गर्भधारणेत किंवा तिची तयारी चालू असताना रेटिनॉइड वापरू नये.

बेन्झॉइल पेरॉक्साइड हे मुरमांवर लावायचे औषध २.५ टक्क्यांचे असले तरी चालते. जास्त टक्केवारीने फायदा फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. ते रंगीत कापडाचा रंग उडवते. गडद उशीच्या अभ्र्यावर गाल टेकतो तेथे एका सकाळी नारिंगीसर डाग उमटलेला दिसतो आणि तो कितीही धुतला तरी जात नाही, म्हणून या काळात पांढरे अभ्रे आणि पांढरे टॉवेल वापरावेत. अझेलाइक आम्ल १५ ते २० टक्के हा पर्याय मला अनेकदा सुचवावासा वाटतो, कारण ते मुरमांमागे राहणाऱ्या काळ्या डागांवरही काम करते आणि गर्भधारणेतही सहसा सुरक्षित मानले जाते. सुरुवातीची खाज आणि चुरचुर तेवढी सोसावी लागते. क्लास्कोटेरोन १ टक्का हे क्रीम त्वचेतच अँड्रोजन या संप्रेरकांचा प्रभाव रोखते. अमेरिकेत त्याला २०२० मध्ये मान्यता मिळाली.

अँटिबायोटिकच्या बाबतीत एक नियम लक्षात ठेवा. क्लिंडामायसिनसारखे लावायचे अँटिबायोटिक एकटे वापरू नये; सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड असले की जंतूंमध्ये प्रतिरोध वाढण्याचा धोका कमी होतो. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या साधारण तीन-चार महिन्यांच्या पलीकडे लांबवू नयेत, भरपूर पाण्यासोबत घ्याव्यात, लगेच आडवे होऊ नये आणि उन्हापासून जपावे.

जळजळ आणि ॲलर्जी यांतला फरक ओळखता आला पाहिजे. जळजळ लावलेल्या जागेपुरती राहते, कोरडेपणा आणि चुरचुर घेऊन येते आणि दोन-तीन दिवसांच्या खंडाने निवळते. ॲलर्जीत खाज आणि सूज अधिक असते, ती लावलेल्या जागेच्या बाहेर पसरते आणि पुन्हा लावल्यावर पुन्हा उफाळते. पहिल्या प्रकारात अंतर वाढवावे, दुसऱ्यात ते उत्पादन कायमचे बंद करावे.

६. गोळ्या आणि इंजेक्शने: आधी प्रश्न, मग होकार

आयसोट्रेटिनोइन हे तीव्र मुरमांवरचे सर्वांत प्रभावी औषध असले, तरी ते ओठांपासून डोळ्यांपर्यंत सर्वत्र कोरडेपणा आणते आणि इसब उफाळू शकते. गर्भावर त्याचे गंभीर दुष्परिणाम होतात, म्हणून गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रियांनी उपचारात आणि थांबवल्यावरही किमान एक महिना खात्रीचे गर्भनिरोधक वापरणे अत्यावश्यक आहे. डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधासोबत ते घेऊ नये, कारण दोन्ही मिळून डोक्याच्या आतील दाब वाढू शकतो. मनःस्थितीत बदल जाणवला, तर लगेच कळवावे. इसब असलेल्यांनी कमी मात्रेने सुरुवात करता येईल का, हे जरूर विचारावे.

स्त्रियांच्या हनुवटी-जबड्यावरील मुरमांसाठी स्पायरोनोलॅक्टोन दिले जाते. ते त्वचा कोरडी करत नाही, हा आपल्यासारख्यांसाठी मोठा फायदा. परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात, आणि गर्भधारणेत ते चालत नाही.

मध्यम ते तीव्र इसबासाठी २०१७ मध्ये आलेल्या ड्युपिलुमॅब या इंजेक्शनने चित्र बदलले. प्रौढांना ते पहिल्या ६०० मिलिग्रॅमच्या मात्रेनंतर दर दोन आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम असे देतात आणि सुमारे १६ आठवड्यांनी त्याचा आढावा घेतात. नियमित रक्ततपासणी बहुधा लागत नाही, पण डोळे लाल होणे, खुपणे हा त्रास बऱ्याच जणांना होतो, आणि काहींच्या चेहऱ्याची लाली वाढते. उपाडॅसिटिनिब आणि अब्रोसिटिनिब या जेएके रोधक (दाह वाढवणारे पेशींतील संदेश अडवणाऱ्या) गोळ्यांनी खाज काही दिवसांतच उतरू शकते. मात्र मुरूम हा त्यांचा नेहमीचा दुष्परिणाम आहे आणि हे रुग्णाला प्रत्येक वेळी सांगितले जातेच असे नाही. ज्यांना आधीच मुरूम आहेत, त्यांनी गोळी सुरू होण्यापूर्वीच मुरमांची योजना ठरवून घ्यावी. या गोळ्यांपूर्वी क्षयरोग, कावीळ, रक्तपेशी, यकृत आणि चरबी यांच्या तपासण्या होतात. गंभीर जंतुसंसर्ग, नागीण, रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकार आणि कर्करोग यांविषयीचे इशारे त्यांच्यासोबत दिलेले असतात. जिवंत लसी उपचार सुरू होण्याआधीच घ्याव्या लागतात.

कोणत्याही गोळीला किंवा इंजेक्शनला होकार देण्यापूर्वी चार प्रश्न विचारा: परिणाम किती आठवड्यांनी पाहायचा, कोणत्या तपासण्या कधी करायच्या, कोणते लक्षण दिसल्यास त्याच दिवशी फोन करायचा, आणि थांबवल्यावर काय होते.

७. मोजमाप वहीत ठेवा

आठवड्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, समोरून आणि दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्या. रोज घेऊ नका. रोजच्या चढउतारांत मन अडकते. इसबासाठी 'पोएम' ही सात प्रश्नांची प्रश्नावली मोफत मिळते. गेल्या आठवड्यात किती दिवस खाज होती, किती रात्री झोपमोड झाली असे साधे प्रश्न त्यात असून गुण ० ते २८ असतात. मुरमांसाठी नवे किती आले, एवढी नोंद पुरे. जोडीला पाळीची तारीख, बदललेले उत्पादन आणि चुकलेल्या मात्रा लिहाव्यात. आहारातून एकेक पदार्थ काढत जाण्याचा मोह या टप्प्यावर अनेकांना होतो. तपासणीविना केलेल्या अशा वर्ज्यांनी पोषण घटते आणि इसब बहुधा आहे तसेच राहते.

८. या खुणा दिसल्यास वाट पाहू नका

इसबाच्या भागावर एकाच आकाराचे, टोचल्यासारखे खोलगट, दुखरे फोड उठले आणि ताप आला, तर तो नागिणीच्या कुळातील हर्पिसचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी, गरज पडल्यास तातडीच्या विभागात, दाखवावे. डोळ्याजवळ फोड असतील तर तासभरही दवडू नये. पिवळसर मधासारख्या खपल्या, पू आणि वाढती वेदना हे जिवाणूसंसर्गाचे लक्षण आहे. चेहरा वा ओठ सुजून श्वास अडखळणे, पाय एकाएकी सुजून दुखणे, छातीत दुखणे, नजर धूसर होऊन डोके सतत ठणकणे यांपैकी काहीही झाल्यास औषध थांबवून तातडीची मदत घ्यावी.

९. बरे वाटू लागल्यावर

त्वचा निवळली की औषध बंद करण्याची घाई होते. इसब वारंवार त्याच जागी येत असेल, तर चट्टा दिसेनासा झाल्यावरही त्या जागी आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस किंवा डॉक्टरांनी सांगितलेले स्टेरॉइड लावत राहण्याची पद्धत आहे, आणि तिने पुढचा उद्रेक लांबतो. मुरमांसाठी अँटिबायोटिक थांबले तरी रेटिनॉइड किंवा अझेलाइक आम्ल चालू ठेवतात. एखादे औषध कमी करायचे ठरले, तर तेही पाचव्या कलमाप्रमाणे एकटेच कमी करावे, वहीत तारीख लिहावी आणि दुसऱ्या कशालाही चार आठवडे हात लावू नये.